फ्लॅटचं तोडकाम काढताय? आधी डेब्रिज कुठे जाणार ते ठरवा

रिसेलमधला फ्लॅट घेतला की टाइल्स बदलणं, बाथरूम फोडणं, किचनचा ओटा फिरवणं हे आलंच, आणि जमलं तर हॉल-बेडरूममधली एखादी भिंतही उडवायची असते. इंटिरियरवाला थ्रीडी व्ह्यू दाखवतो, लॅमिनेटचे ढीगभर कॅटलॉग दाखवतो, पण फोडलेला माल जाणार कुठे हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे, रिनोव्हेशनचे अर्ज माझ्याकडे येतात, आणि प्रत्येक नवीन मेंबरला तेच तेच तोंडी सांगून घसा बसलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मुख्य सांगतोय ते मुंबईचं; पुण्याचं आणि बंगलेवाल्यांचं पुढे थोडं आहे.

पहिली गोष्ट, डेब्रिज तुमचं आहे. मिस्त्रीचं नाही, कॉन्ट्रॅक्टरचं नाही आणि टेम्पोवाल्याचं तर नाहीच नाही. केंद्राने २९ मार्च २०१६ ला बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे स्वतंत्र नियम काढले (आधी हा विषय शहरी घनकचऱ्याच्या २००० च्या नियमांत दोन ओळींत उरकलेला होता), त्यात साफ म्हटलंय की ज्याच्या कामातून राडारोडा निघतो त्यानेच तो वेगळा करायचा, आपल्या आवारात ठेवायचा किंवा ठरलेल्या केंद्रावर पोचवायचा, आणि उचलण्याचा, वाहतुकीचा, प्रक्रियेचा खर्चही त्यानेच द्यायचा. रस्त्यावर, गटारात, लोकांच्या जायच्या-यायच्या वाटेत टाकायचा नाही. नवीन बांधकाम असो, दुरुस्ती असो, रिनोव्हेशन असो, सगळं यात येतं, त्यामुळे "आम्ही काय बिल्डर आहोत का" हे वाक्य इथे चालत नाही.

आणि मुंबईत हा विषय किती टोकाला गेला होता ते लक्षात ठेवा. २०१६ मध्ये हायकोर्टाने मुंबईत नवीन बांधकामांच्या परवानग्यांवरच बंदी घातली होती, कारण देवनार आणि मुलुंडची डम्पिंग ग्राउंडं भरून वाहत होती आणि कचऱ्याचं काही धड होत नव्हतं. दोन वर्षं ते चाललं. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सवलत दिली तीही सहा महिन्यांसाठी, आणि डेब्रिज कुठे टाकणार ते आधी दाखवा या अटीवर. म्हणजे एवढं मोठं शहर डेब्रिजपायी अडून बसलं होतं, आणि आपण अजून "टाकेल कुठेतरी" म्हणतो.

आधी वजन काढा

हे कुणीच करत नाही आणि सगळे घोळ इथूनच सुरू होतात. लोकांना वाटतं बाथरूमचं काय, दहा-पंधरा गोण्या निघतील. बसा हिशोबाला. पाच बाय आठचं बाथरूम, भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल्स, दरवाजा वजा केला तर भिंतीचे साधारण १६५ स्क्वेअर फूट आणि जमिनीचे ४०. टाइल आणि मागचं मॉर्टर मिळून दीड इंच धरा. हे झालं २५ घनफुटांच्या आसपास, म्हणजे जवळपास दीड टन. आणि वॉटरप्रूफिंगसाठी खालचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) काढायचा असेल, बाथरूमच्या खाली उतरवलेल्या सन्क स्लॅबमध्ये नऊ इंच ते फूटभर भरणा असतो, तर त्याचं आणखी दीड टन. एका बाथरूमचं तीन टन! भिंतीचं म्हणाल तर दहा बाय नऊची साधी चार इंची विटेची भिंत, दोन्हीकडचं प्लास्टर धरून, दोन टनांच्या वर जाते.

आता गोणीचं बघा. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत डेब्रिज भरलं तर माणसाला उचलता येईल असं वजन २५ ते ३० किलो. त्यापेक्षा जास्त भरली की जिन्यात फाटते आणि चौथ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत वाळूचा पट्टा ओढला जातो, मग खालच्या वहिनींचा फोन कुणाला येतो ते सांगायला नको. तीन टन म्हणजे शंभरेक गोण्या, दोन बाथरूम आणि एक भिंत फोडणाऱ्याने अडीच-तीनशे गोण्या धरून चालायचं. छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपास नेतो, चारशे सात (टाटा ४०७ ट्रक) दोन-अडीच टन, म्हणजे गाड्या किती लागणार तेही इथेच कळतं. शिवाय फोडलेला माल फुगतो, भिंतीत जेवढी जागा होती त्याच्या सव्वा ते दीडपट जागा ढिगाला लागते, त्यामुळे "आत्ता बाल्कनीत ठेवू" हा बेत सोडा. बाल्कनीच्या स्लॅबवर दीड-दोन टन एकाच जागी रचणं धोक्याचंच आहे.

कोटेशनमध्ये ती एक ओळ

कॉन्ट्रॅक्टरला विचारलं की उत्तर ठरलेलं, "साहेब, ते आम्ही बघून घेतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका." इथेच टेन्शन घ्यायचं. कोटेशनमध्ये "डेब्रिज डिस्पोजल: इन्क्लुडेड" एवढंच लिहिलेलं असतं. ते खोडून असं लिहून घ्या: डेब्रिज महापालिकेच्या अधिकृत केंद्रावर जाईल, प्रत्येक गाडीची वजनकाट्याची पावती मालकाला मिळेल, आणि पावत्या मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता निघणार नाही. हे ऐकून रेट वाढला तर समजायचं की आधीच्या रेटमध्ये तो माल खाडीत जाणार होता.

कारण स्वस्तातला टेम्पो दहिसरच्या अधिकृत डेब्रिज प्लँटला जात नाही. तो रात्री साडेअकराला येतो, नंबर प्लेटवर चिखल असतो, आणि तासाभरात रिकामा होऊन परत दुसऱ्या फेरीला हजर. कुठे गेला असेल? हायवेच्या कडेला, मिठागरात, तिवरांत (खाडीकाठच्या खारफुटीत). तिवरांचं प्रकरण साधं नाही, सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलंय की तिवरं नष्ट करणं हा लोकांच्या जगण्याच्या हक्कावरचाच घाला आहे, आणि तिवरांभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा. तिथे भराव टाकणं म्हणजे महापालिकेचा दंड भरून सुटण्याचा विषय राहत नाही, पर्यावरण संरक्षण कायद्याखालीही कारवाई होते. गाडी पकडली गेली की ड्रायव्हर पहिल्यांदा काय सांगतो? कुठल्या बिल्डिंगमधून माल उचलला ते.

सोसायटीचं

लवकर उरकतो. अर्ज, काम काय काय आहे त्याचं वर्णन, भिंतीला हात लावणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र (आणि बीम-कॉलमला हात लावायचाच नाही, पत्र असो नसो), डिपॉझिट, कामगारांची यादी. कामाच्या वेळा आणि दुपारची शांतता प्रत्येक सोसायटीची वेगळी. डेब्रिजपुरतं तीन गोष्टी सेक्रेटरीला आधीच विचारा: गोण्या खाली कुठे ठेवायच्या, किती दिवस, आणि लिफ्ट वापरायची की नाही. बहुतेक ठिकाणी पॅसेंजर लिफ्ट बंद असते, मग बिगारी डोक्यावरून उतरवतात आणि मजल्याप्रमाणे गोणीमागे रेट लागतो. सातव्या मजल्यावरच्या माणसाने हा आकडा आधीच मागून घ्यावा, नंतर ऐकला की चक्कर येते.

गेटबाहेर फुटपाथवर गोण्यांची थप्पी लावणं हा सगळ्यात कॉमन प्रकार, आणि तोच नियमात बसत नाही. आवाराच्या आतच ठेवायच्या.

तोडतानाच वेगळं करा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे, आणि ते बिनखर्चात होतं, फक्त कामांचा क्रम नीट लावला तर. २०१६ च्या नियमांत चार वाटे सांगितलेत: काँक्रीट, माती, स्टील-लाकूड-प्लास्टिक, आणि विटा-मॉर्टर. सक्तीने चार वाटे करून आधी प्लॅन मंजूर करून घेणं हे दिवसाला २० टनांच्या वर किंवा एका प्रोजेक्टमधून महिन्याला ३०० टनांच्या वर माल काढणाऱ्यांना त्या नियमांत होतं, फ्लॅटवाला तिथपर्यंत पोचत नाही. पण वेगळं केलं तर तुमचाच फायदा आहे, तो असा.

पहिल्या दिवशी घण आत येऊच द्यायचा नाही. आधी भंगारवाला. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचे सेक्शन, पितळी नळ, जुनी जीआय पाइप, ग्रिल, वायरिंगची तांब्याची तार, गिझर, सगळं अंगावरून उतरवून घ्या, त्याचे पैसे येतात. मग लाकूड. जुन्या बिल्डिंगमधले सागवानी दरवाजे आणि चौकटी फेकू नका, त्याला गिऱ्हाईक आहे. खिडकीच्या काचा वेगळ्या काढून जुन्या चादरीत बांधून ठेवा. मग फॉल्स सीलिंग आणि पीओपी, ते वेगळ्या गोण्यांत. आणि मगच टाइल, ओटा, भिंत.

पीओपी वेगळं का? कारण ते जिप्सम आहे, आणि जिप्सममधलं सल्फेट रिसायकल केलेल्या खडीत मिसळलं तर पुढे त्या खडीचं काँक्रीट फुगतं, तडकतं. लाकडाचे तुकडे, थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या हे डेब्रिज रिसायकल करणाऱ्या प्लँटवर पट्ट्यापाशी उभ्या माणसांना हाताने वेचावं लागतं. आपल्या मिस्त्रीला गोणीत टाकताना दोन सेकंद लागतात तेच काम तिथे धूळ खात करावं लागतं. आणि कामगारांचं जेवण, गुटख्याच्या पुड्या, चहाचे कप डेब्रिजच्या गोणीत जाणार नाहीत हे बघा, त्यासाठी रूममध्ये एक वेगळी बादली ठेवली की झालं.

डेब्रिजमध्ये जाऊच नयेत अशा गोष्टी: ट्यूबलाइट आणि सीएफएल (पारा असतो), रंगाचे आणि थिनरचे डबे, बॅटऱ्या. आणि सगळ्यात डेंजर म्हणजे जुने सिमेंटचे पत्रे. गच्चीवर, बाल्कनीवर जी राखाडी नालीदार शेड असते त्यात अ‍ॅसबेस्टॉस असतं, ते हातोड्याने फोडलं की तंतू हवेत जातात आणि फुफ्फुसात बसतात. ते अख्खे उतरवायचे, आधी पाणी मारायचं, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे, मास्क घालूनच. हा माल घातक कचऱ्यात जातो, मुंबईकडचं त्याचं केंद्र तळोज्याला आहे आणि पुण्याकडचं रांजणगावला. एक-दोन पत्रे असतील तरी वॉर्ड ऑफिसला विचारल्याशिवाय हलवू नका.

आता बोलावणं

मुंबई महापालिकेची "डेब्रिज ऑन कॉल" सेवा आहे. टोल फ्री नंबरवर, महापालिकेच्या अ‍ॅपवर किंवा थेट वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा खात्यात नोंद करता येते, नंबर सापडत नसेल तर महापालिकेच्या १९१६ हेल्पलाइनला लावा, ते सांगतात. घरगुती छोट्या कामाचं ५०० किलोपर्यंतचं डेब्रिज फुकट उचलतात. वर केलेला हिशोब आठवा, ५०० किलो म्हणजे जेमतेम सतरा-वीस गोण्या, म्हणजे ओटा फोडला किंवा बाल्कनीच्या टाइल्स काढल्या एवढ्यापुरतं. त्याच्या वर टनामागे फी लागते, ती नोंद करतानाच विचारून घ्या आणि ऑनलाइन किंवा चलनाने भरा, गाडीवाल्याच्या हातात रोख देऊ नका.

पश्चिम उपनगरांचा माल दहिसरच्या कोकणीपाड्याला जातो, शहर आणि पूर्व उपनगरांचा शिळफाट्याला. दोन्ही प्लँट दिवसाला सहाशे-सहाशे टनांचे आहेत. नोंद करताना पत्ता, अंदाजे वजन, गाडी सोसायटीच्या आत येते की नाही, वरती केबल-झाडं आडवी येतात का, एवढं तयार ठेवा. आमच्याकडे गल्ली अरुंद, मोठी गाडी वळत नाही, हे आधी सांगितलं नाही तर गाडी येऊन परत जाते आणि पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. म्हणून तोडकाम सुरू व्हायच्या आधी नोंद करा, ढीग लागल्यावर नाही. दिवाळीच्या तोंडावर काम काढू नका असंही मी सांगतो, नोव्हेंबर २०२३ मध्ये हवा एवढी बिघडली की हायकोर्टाने दिवाळीच्या दिवसांत डेब्रिजच्या गाड्याच थांबवल्या होत्या, लोकांच्या गोण्या तशाच पडून राहिल्या.

खाजगी गाडी लावायची तर तीही चालते, पण माल अधिकृत केंद्रावरच गेला पाहिजे आणि गाडी पूर्ण झाकलेली पाहिजे. वर नुसती जाळी नाही, ताडपत्री, आणि ती बाजूने बांधलेली. भरताना पाणी मारा. फार नाही, नुसती धूळ बसेल एवढंच, नाहीतर वजनकाट्यावर पाण्याचे पैसे भराल.

पावती

गाडी निघाली म्हणजे काम झालं असं नाही. निघताना गाडीचा फोटो घ्या, नंबर प्लेट दिसेल असा, मागे माल दिसेल असा. संध्याकाळपर्यंत काट्याची पावती आली पाहिजे, त्यावर तारीख, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन. नंबर जुळतो का बघा. तीन टन गेले आणि पावती सातशे किलोची आली तर उरलेला माल कुठे उतरला हे कॉन्ट्रॅक्टरला विचारा, त्याच दिवशी विचारा. सगळ्या पावत्या फोटो काढून सोसायटीच्या ऑफिसला मेल करा, आमच्याकडे तर डिपॉझिट परत हवं असेल तर पावत्या लागतातच, हा ठराव मीच लावून धरला होता आणि तेव्हा मला बऱ्याच शिव्या पडल्या होत्या.

तिकडे पुढे काय होतं

बऱ्याच जणांना वाटतं की प्लँट म्हणजे लांबचं डम्पिंग ग्राउंड. तसं नाही. वजन झालं की मोठे तुकडे वेगळे काढतात, कचरा हाताने वेचतात, मग जॉ क्रशरमध्ये दगड-काँक्रीट फुटतं, लोहचुंबक सळईचे तुकडे खेचून घेतं, चाळण्यांवर साइजप्रमाणे खडी वेगळी होते, धुऊन वाळू आणि गाळ वेगळा होतो. त्यातून पेव्हर ब्लॉक, कर्ब स्टोन, भरावाची खडी निघते. ही खडी काँक्रीटमध्ये चालते का असं मिस्त्री नाक मुरडून विचारतो, तर भारतीय मानक ३८३ मध्ये २०१६ पासून ती बसते: सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, तेही एम-२५ ग्रेडपर्यंतच (ग्रेड म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी), साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम-१५ च्या खालच्या, बिनसळईच्या हलक्या कामात १०० टक्के. मात्र पहिल्या दोन्ही कामांत ही खडी काँक्रीटपासून झालेली हवी, विटांच्या चुऱ्याची नाही, म्हणूनच काँक्रीट आणि वीट वेगळी ठेवायला सांगतात. २०१६ च्या नियमांत सरकारी आणि पालिकेच्या कंत्राटांत १० ते २० टक्के असा माल वापरा असंही होतं. प्रत्यक्षात किती वापरतात हे आपापल्या वॉर्डातले फुटपाथ बघून ठरवा.

घरातल्या घरात जिरवता येतं ते

फ्लॅटवाल्याला फार वाव नाही, पण सोसायटीत गच्चीचं काम निघणार असेल तर तुमच्या विटांचे तुकडे कोब्याला आणि पांढऱ्या टाइल्सचे तुकडे चायना मोजॅकला चालतात, ठेकेदाराशी आधी बोला. बंगल्याचं काम असेल तर मजाच, जोत्याचा भराव स्वतःच्याच डेब्रिजने करता येतो, आवारातच वापरायला नियमाची आडकाठी नाही. फक्त त्यात लाकडाचा एक तुकडाही जाऊ देऊ नका, वाळवीला घरचं आमंत्रण दिल्यासारखं होतं. पीओपीही नको. थर नऊ इंचांचे, पाणी मारून, नीट ठोकून.

मात्र पाया खोदून निघालेली माती आणि मुरूम बाहेर न्यायचा असेल तर तो विषय महसूल खात्याचा आहे, गौण खनिज म्हणतात त्याला, तहसीलकडून परवाना आणि वाहतूक पास काढूनच गाडी रस्त्यावर आणायची. कित्येक बंगलेवाले इथे अडकतात, कारण त्यांना वाटतं माती आपल्या प्लॉटमधली म्हणजे आपलीच.

पुण्यात राडारोड्याचा प्लँट वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचा मोशीला. पद्धत साधारण हीच: क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करायची, जवळचं संकलन केंद्र कुठलं ते विचारायचं, फी भरायची, पावती घ्यायची. पुण्यात मुंबईसारखी खाडी नाही पण नदीपात्र आणि टेकड्या आहेत, रात्रीचा टेम्पो तिकडे जातो. छोट्या नगरपालिकेत प्लँट नसेल तरी केंद्राचे नियम तिथेही लागू आहेत, नगरपालिकेने जागा नेमून द्यायची असते, ती लेखी विचारा. "तिकडे नाल्याकाठी टाका हो" हे तोंडी उत्तर मिळालं तर ते धरून चालू नका.

रिडेव्हलपमेंटला गेलेल्या सोसायट्यांना एक सूचना. पाडकामाचं डेब्रिज बिल्डरची जबाबदारी असली तरी डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटमध्ये डेब्रिज मॅनेजमेंट प्लॅनची प्रत सोसायटीला मिळेल हे टाकून घ्या. केंद्राचे नवीन नियम २०२५ मध्ये आलेत, १ एप्रिल २०२६ पासून २०१६ च्या नियमांच्या जागी लागू, आणि त्यात २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर रिसायकलिंगची ठरावीक टक्केवारी पूर्ण करायची सक्ती आहे, त्यामुळे मोठा प्रोजेक्ट असेल तर तुमच्या वकिलाला आणि पीएमसीला (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटला) हा मुद्दा माहीत आहे का ते मीटिंगमध्येच विचारा. शिवाय मुंबईत साइटभोवती पत्रे लागतात, एक एकराच्या वरच्या प्लॉटला ३५ फूट, त्याखाली २५ फूट, बाहेर पडणाऱ्या गाड्यांचे टायर धुवायचे, ही ऑक्टोबर २०२३ ची महापालिकेची सूचना आहे. शेजारच्या साइटवर हे दिसत नसेल तर तारीख-वेळेसह फोटो काढून १९१६ वर नाहीतर अ‍ॅपवर तक्रार टाका, आणि तक्रार नंबर लिहून ठेवा, पुढच्या वेळी फोन केला की पहिला तोच मागतात.